दुमजली पलंग: आधी तुम्ही वर चढा

नमस्कार, श्रोतेहो.

घरकुलाचं घर म्हणजे केवढं, तर 25 चौरस मीटर, तेही स्वयंपाकाची जागा धरून. त्यात दोन लेकरं, त्यांची दप्तरं, आजी-आजोबा. म्हणून आता खेड्यापाड्यांतही दुमजली पलंग दिसू लागलाय. तालुक्याला वेल्डिंगवाला चौकोनी पाइपचा करून देतो, जागा वाचते आणि लेकरांना रेल्वेचा वरचा बर्थ घरी आल्याचा आनंद. घ्या, जरूर घ्या. पण सहा वर्षांच्या आतलं लेकरू वर झोपवू नका. पुन्हा सांगते, सहा वर्षांच्या आतलं लेकरू वर नाही. दिवसा खेळायलासुद्धा नाही.

दारव्ह्याकडच्या एका घरची गोष्ट मी जिथं जाते तिथं सांगते. ट्रॉलीतून पलंग आला, पिवळाधम्मक, रंगाचा वास अजून गेलेला नाही. दोन्ही नातू शिडीला लटकलेले, वर कोण झोपणार यावरून हमरीतुमरी. बाप कौतुकानं बघतोय. आजी ओसरीत तूर निवडत होती. सूप बाजूला सारून उठली आणि लेकाला म्हणाली, "पोट्टे मंग चढतीन. आंधी तू चढ."

"मी काहून?"

"चढ म्हनलं ना!"

चढला. मग आजीनं थोरल्या नातवाला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि त्याच्या बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढी तुराटी मोडली. ती लेकाच्या हातात दिली. "गादीवर उभी धर. आता जरा पंख्याकडं ने." पंखा सुरू होता. खटाक! तुराटीचा तुकडा थेट देवळीतल्या पणतीपर्यंत उडाला. नातू गप्प, बापही गप्प.

आजी काही तेवढ्यावर थांबली नाही. तिनं कठड्याच्या फटीफटींत बोटं घालून पाहिली. चार बोटं आडवी बसली तर ठीक म्हणे. पण शिडीजवळच्या एका फटीतून पाण्याचा तांब्या आरपार गेला. "जठून तांब्या जाते, तठून लेकराचं आंग जाते. अन् मंग डोस्कं अडकते." अगदी खरं आहे. झोपेत पाय घसरतात, मागून कंबर जाते आणि मान अडकून लेकरू लटकतं. अमेरिकेत 2000 सालापासून याचा नियमच आहे: वरच्या कठड्यातली फट साडेतीन इंचांच्या आत, आणि कठडा गादीपेक्षा किमान पाच इंच उंच. त्या आजीला इंच कोणी शिकवले नव्हते. पलंग त्याच ट्रॉलीतून परत गेला, दोन पट्ट्या जास्तीच्या लावून आला आणि पंख्यापासून लांबच्या भिंतीला लागला.

तेव्हा बायांनो, भावांनो, पलंग खालून बघू नका, वर चढून बघा. मात्र पंखा बंद करून चढा. कठडा भिंतीच्या बाजूनंही हवा, कारण पलंग सरकतो आणि भिंतीशी फट पडते.

खरं तर मला सुताराच्या हातचा पलंग आवडतो. आपल्या बल्लारशाचं सागवान देशभर जातं आणि आपल्याच घरात पाइप आणि प्लायवूड. गावातला सुतार काम नाही म्हणून पुण्याला निघालाय. त्याला बोलवा, चार पैसे जास्त जातील. असो.

गादीचं सांगते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कठडा मोजताना गादी घालून मोजायचा. आपली कापसाची गादी वर्षभरात दबते, आणि पिंजून आणली की पुन्हा टम्म फुगते. काल पाच इंच वर असलेला कठडा आज तीनच इंच उरतो. पिंजलेली जाड गादी खालच्या लेकराला द्या, वर पातळ घाला.

आणि झोका! वरच्या पाइपला आईचं जुनं लुगडं बांधून लेकरं खाली झोका करतात. हे एकदम बंद. लुगडं, ओढणी, दोरी, काहीही पलंगाला बांधलेलं नको. गळ्याला फास बसायला वेळ लागत नाही. पुन्हा सांगते, पलंगाला काहीही बांधायचं नाही.

वर एकाच लेकरानं झोपायचं. शिडी बोल्टनं पक्की हवी, नुसती टेकवलेली नको. लाइट जाते आपल्याकडं, म्हणून बॅटरी वरच्या लेकराच्या उशाशी. टिनाचं घर असेल तर मे महिन्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो, कुलरची हवा तिथं पोचत नाही. उन्हाळाभर दोघांनाही खालीच अंथरूण घाला. आणि उड्या मारून नट ढिले होतात, तेव्हा महिन्यातून एकदा घरच्या पान्यानं ते आवळून घ्या.

नमस्कार.