सोळा वेळा भोपळा

नमस्कार श्रोतेहो.

क्रिकेटमध्ये गोलंदाजानं एक षटक निर्धाव टाकलं तरी आपण टाळ्या वाजवतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे तिथल्या गोलंदाजाला, शटआउट हवा असेल, तर नऊच्या नऊ इनिंग एकट्यानं टाकाव्या लागतात आणि शेवटपर्यंत समोरच्या संघाचा भोपळा फुटता कामा नये. मध्येच दुसरा पिचर मदतीला आला, तर एरवी तो शटआउट कुणाच्याच नावावर लागत नाही.

एका हंगामातला विक्रम आहे 16 शटआउटचा आणि तो दोघांच्या नावावर आहे. पहिला, 1876 साली सेंट लुईसकडून खेळलेला जॉर्ज ब्रॅडली. पण तेव्हा चेंडू खालच्या हातानं टाकायचा नियम होता आणि संघाचे जवळजवळ सगळे सामने हा एकटाच टाकायचा. त्याला मानानं बाजूला बसवू. माझ्या लेखी खरा मानकरी दुसरा, 1916 सालचा फिलाडेल्फियाचा ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर. त्याचं घरचं मैदान होतं बेकर बोल. बॅटरपासून उजवीकडची सीमेवरची भिंत तीनशे फुटांच्याही आत! डावखुऱ्या बॅटरनं चेंडू जरा उचलला, की पिचरच्या पोटात गोळा यावा अशी जागा. त्या मैदानावर निम्मा हंगाम खेळून या गड्यानं 33 सामने जिंकले आणि त्यांतल्या सोळांत प्रतिस्पर्ध्याला एकही रन दिली नाही. पुढे तो पहिल्या महायुद्धात फ्रान्सला तोफखान्यात गेला. परतला तेव्हा एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं, फिटचा त्रासही होता. तरी 1919 साली शिकागोकडून खेळताना 9 शटआउट टाकून तो पुन्हा लीगमध्ये पहिला!

कारकिर्दीतला विक्रम मात्र वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनचा, 110 शटआउट. 1908 साली, विशीतल्या या पोरानं न्यूयॉर्कच्या संघाला शुक्रवारी 3-0, शनिवारी 6-0 आणि सोमवारी 4-0 असं हरवलं. रविवारी काय केलं? काही नाही, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामन्यांना बंदी होती.

मग 1968. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनचे 13 शटआउट, त्यांतले पाच जून महिन्यात लागोपाठ. आणि तरीही तो त्या हंगामात 9 सामने हरला! सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेलॉर्ड पेरीनं गिब्सनच्या संघाला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, मिळू दिली नाही, गिब्सननं एकच रन दिली, आणि सामना गेला 1-0. त्या वर्षी सगळीकडेच पिचर एवढे शिरजोर झाले होते, की पुढच्या हंगामात ज्या उंचवट्यावरून ते चेंडू टाकतात तोच पंधरा इंचांवरून दहावर आणला. बॅटरची कीव आली म्हणा, किंवा तिकीट खिडकीची काळजी वाटली म्हणा.

एका हंगामात दहा शटआउट टाकणारा शेवटचा पिचर 1985 सालचा जॉन ट्युडर. आता पाच-सहा इनिंग झाल्या, शंभराच्या आसपास चेंडू पडले, की मॅनेजर सुरुवातीच्या पिचरला बसवतो आणि राखून ठेवलेले ताज्या दमाचे पिचर उतरवतो. 2023 साली गेरिट कोल अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, बरोबरीनं पहिला आला तो दोन शटआउटवर. आणि आपल्या पिढीतला दादा पिचर क्लेटन कर्शॉ अठरा हंगाम खेळून 2025 साली निवृत्त झाला, तेव्हा त्याचे सगळे मिळून शटआउट होते 15.