वॉटसनची खुर्ची

(बेकर स्ट्रीट स्थानकाबाहेरचा पुतळा, सकाळची गर्दी)

लंडनच्या बेकर स्ट्रीट या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडले की सुमारे तीन मीटर उंचीचा एक कांस्यपुतळा समोर येतो. डोक्यावर कानांच्या झडपांची शिकारी टोपी, अंगावर खांद्यांवरून झूल सोडलेला लांब कोट आणि हातात पाइप. शिल्पकार जॉन डबलडे यांच्या या पुतळ्याचे अनावरण १९९९ साली झाले. खालचे नाव वाचण्यासाठी कोणी थांबत नाही, कारण शेरलॉक होम्सला ओळखण्यासाठी नावाची गरज पडत नाही. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर सर्वाधिक वेळा साकारलेले साहित्यातील मानवी पात्र म्हणून २०१२ साली गिनेसने त्याची नोंद केली, तेव्हा ही संख्या २५४ होती. यातला प्रत्येक होम्स वेगळ्या विश्वात राहतो. कोणी युद्धकाळातला आहे, कोणी बाविसाव्या शतकातला, कोणी बाई आहे आणि कोणी उंदीरसुद्धा. पुतळा मात्र एकट्याचा आहे, एवढे प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे.

(२२१ बी, बेकर स्ट्रीट, अरुंद जिना, पहिल्या मजल्यावरची खोली)

येथून चालत काही मिनिटांवर असलेले हे संग्रहालय १९९० साली सुरू झाले. दारावर २२१ बी असा क्रमांक असला, तरी ही इमारत २३७ आणि २४१ या क्रमांकांच्या मध्ये उभी आहे, आणि गुप्तहेर होम्सच्या कथा आर्थर कॉनन डॉयल लिहीत होते त्या काळात बेकर स्ट्रीटवर एवढ्या मोठ्या क्रमांकाचे घरच नव्हते. पत्तादेखील कल्पित विश्वातूनच लंडनमध्ये राहायला आला आहे. आतल्या खोलीत शेकोटीजवळ समोरासमोर खुर्च्या मांडलेल्या आहेत. पर्यटक टोपी घालून, पाइप तोंडात धरून त्यांवर बसतात आणि छायाचित्र काढून घेतात. आपला कॅमेरा मात्र दुसऱ्या खुर्चीवर, डॉक्टर जॉन वॉटसनच्या खुर्चीवर, जरा अधिक वेळ थांबणार आहे.

(मुंबई बंदर, संध्याकाळ)

त्या खुर्चीवर बसणारा माणूस कथेत प्रथम कोठे उतरतो, हे मराठी वाचकांपैकीही अनेकांच्या स्मरणात नसते. १८८७ सालच्या पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात, लष्करी शल्यवैद्य म्हणून नेमणूक झालेला वॉटसन मुंबईत उतरतो. आपली पलटण घाट ओलांडून शत्रूच्या मुलखात खोलवर गेल्याचे त्याला येथेच कळते. तिला गाठण्यासाठी तो कंदाहारला जातो, मैवंदच्या लढाईत गोळी खातो, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने खंगतो आणि तब्येत ढासळल्यामुळे इंग्लंडला परत पाठवला जातो. मैवंदची लढाई खरी आहे. २७ जुलै १८८० रोजी अयुब खानाच्या सैन्याने तेथे ब्रिटिश फौजेचा पराभव केला. त्या पराभवातून परतलेल्या, हातात पैसा नसलेल्या आणि लंडनमध्ये कोणीही नातलग नसलेल्या या माणसाला भाड्याची खोली वाटून घेण्यासाठी सोबती हवा होता, म्हणून त्याची होम्सशी गाठ पडली. ‘तुम्ही अफगाणिस्तानात होता, असे दिसते,’ हे होम्सचे त्याला उद्देशून जवळजवळ पहिलेच वाक्य आहे.

चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा अशा साठ रचनांपैकी चार सोडल्या, तर सर्वांचे निवेदन वॉटसनचे आहे. १९२६ साली डॉयल यांनी दोन कथा खुद्द होम्सच्या तोंडी दिल्या. वॉटसन हकिगतींना नको तितका रंग चढवतो, अशी तक्रार आयुष्यभर करणाऱ्या होम्सला तेथे लेखणी हाती घेताच कबूल करावे लागते की, वाचकाला रस वाटेल अशा रीतीनेच मजकूर मांडावा लागतो. आमच्या मते हा वॉटसनचा त्याच्या हयातीतला सर्वांत मोठा विजय होय.

(जुनी मासिके, चित्रांचे जवळून दर्शन)

समांतर विश्वे निर्माण करण्याचे काम चाहत्यांनी किंवा चित्रपट कंपन्यांनी सुरू केले, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा आरंभ डॉयल यांच्याच मेजावर झाला. पहिल्या कादंबरीनंतर थोड्याच काळात त्यांनी तिच्या अमेरिकेतील भागावर तीन अंकी नाटक लिहिले. त्यात वॉटसन सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकी करतो आणि होम्स रंगमंचावर येतच नाही. त्याचे नावही निघत नाही. होम्सच्या विश्वाची पहिली पर्यायी आवृत्ती त्याच्या जन्मदात्याने लिहिली आणि तीत होम्सलाच वगळले! हे नाटक रंगभूमीवर आले नाही, आणि छापले गेले ते थेट २००१ साली.

वॉटसनच्या खांद्याला लागलेली गोळी दुसऱ्या कादंबरीत त्याच्या पायात सरकते. १८९१ सालच्या एका कथेत तर त्याची पत्नी जॉन वॉटसनला जेम्स म्हणून हाक मारते. डॉयल घाईने लिहीत आणि मागचे तपासून पाहत नसत, हे याचे साधे उत्तर आहे. ते न पटलेल्या वाचकांनी पुढे एवढ्या उपपत्ती मांडल्या की, त्या विसंगतींतूनच निराळे वॉटसन उभे राहिले. १८९१ च्या जुलै महिन्यात ‘स्ट्रँड’ मासिकात कथा येऊ लागल्या आणि नोव्हेंबरमध्ये डॉयल यांचे मित्र जे. एम. बॅरी यांचे पहिले विडंबन निनावी छापून आलेसुद्धा.

पडद्यावर दिसणारी ही चित्रे सिडनी पॅजेट यांची आहेत. मूळ मजकुरात टोपीचे वर्णन ‘डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी’ एवढेच आहे. पॅजेट यांनी तिच्या जागी शिकारी टोपी काढली, आणि ही टोपी कागदावरून उठून सव्वाशे वर्षे जगभर हिंडली. वाकड्या दांड्याचा पाइप दिला तो अमेरिकन नट विल्यम जिलेट यांनी. होम्सवरच्या नाटकाचे पुनर्लेखन करताना त्यांनी डॉयल यांना तार केली की, होम्सचे लग्न लावले तर चालेल काय. डॉयल यांनी उत्तर पाठवले की, त्याचे लग्न लावा, खून करा, वाटेल ते करा. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात जिलेट यांनी पुढे सुमारे तेराशे वेळा होम्स रंगवला. त्यावरचा १९१६ सालचा मूकपट हरवला असे मानले जात होते. २०१४ साली तो पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात सापडला. त्या तारेतील परवानगीचा लाभ पुढे शेकडो लोकांनी घेतला.

(युद्धकालीन लंडन, जुनी कृष्णधवल दृश्ये)

बॅसिल रॅथबोन यांचे १९३९ सालचे पहिले दोन चित्रपट व्हिक्टोरियन काळात घडतात. १९४२ पासून निर्मितीसंस्था बदलली आणि पुढच्या बारा चित्रपटांत होम्स विसाव्या शतकात आला. त्यांतल्या पहिल्यात तो नाझींच्या हेरांशी लढतो. त्याच चित्रपटात तो सवयीने शिकारी टोपीकडे हात नेतो, तेव्हा वॉटसन त्याला दिलेल्या वचनाची आठवण करून देतो आणि होम्स मुकाट्याने साधी हॅट उचलतो. एक विश्व सोडून दुसऱ्यात शिरण्याचा क्षण इतक्या कमी शब्दांत क्वचितच दाखवला गेला असेल. मात्र नायजेल ब्रूस यांनी साकारलेला या मालिकेतील वॉटसन धांदरट आणि विसरभोळा आहे. निवेदकाने तटस्थ राहावे असा संकेत असतो. येथे तो पाळणे कठीण जाते. रणांगणावर जखमींवर उपचार केलेल्या माणसाचा विदूषक करण्यात आला आणि पुढच्या अनेक वर्षांच्या वॉटसनांनी हे ओझे वाहिले.

(रीगा, जुन्या शहरातली याउनिएला गल्ली)

हे बेकर स्ट्रीट लॅटव्हियाच्या राजधानीत आहे. लेनफिल्म या सोव्हिएत चित्रसंस्थेने १९७९ ते १९८६ या काळात दिग्दर्शक इगोर मास्लेन्निकोव्ह यांच्याकडून होम्सची चित्रमालिका करून घेतली, तेव्हा लंडनला जाणे शक्य नव्हते, म्हणून ही दगडी गल्ली लंडन झाली. वासिली लिवानोव्ह यांचा होम्स पुढे इतका मान्य झाला की, २००६ साली त्यांना ब्रिटनचा सन्मान मिळाला. आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते विताली सोलोमिन. त्यांचा वॉटसन तरुण आहे, तरतरीत आहे आणि पहिल्या चित्रपटात आपला हा विचित्र सोबतीच गुन्हेगार असावा असा संशय घेऊन त्याच्यावर पाळत ठेवतो. आपण होम्सला त्याच्या डोळ्यांनी पाहतो. चित्रपट प्रक्षेपित होण्याआधी, १९७९ च्या डिसेंबरात, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि होम्सच्या त्या प्रसिद्ध वाक्यातील देशाचे नाव काढून नुसता पूर्वेचा मोघम उल्लेख ठेवण्यात आला.

(रंगीत चलच्चित्रांचे तुकडे)

प्राण्यांच्या विश्वात अफगाणिस्तानचे नाव पुन्हा अवतरते. १९८६ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात गुप्तहेर उंदीर आहे आणि त्याची हकिगत सांगणारा डॉक्टर डॉसन नावाचा गोलमटोल उंदीर अफगाणिस्तानातील लष्करी सेवा संपवून नुकताच लंडनला परतलेला आहे. होम्सची जात, आकार आणि शेपूट बदलली, तरी सोबत्याची लढाई कायम राहिली. जपान आणि इटलीने मिळून काढलेल्या २६ भागांच्या मालिकेत सर्व पात्रे कुत्री आहेत. त्यांतले सहा भाग हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केले. १९९९ सालच्या एका मालिकेत होम्सला बाविसाव्या शतकात पुन्हा जिवंत केले जाते, पण वॉटसनला कोणी उठवत नाही. एक यंत्रमानव त्याच्या रोजनिशा वाचतो आणि त्या वाचूनच वॉटसन होतो. डॉक्टरचे शरीर नाहीसे झाले तरी त्याचे लेखन पुरेसे ठरते, ही कल्पना मुलांच्या मालिकेत यावी, याचे आम्हांला कौतुक वाटते.

२०१० साली बीबीसीने होम्सला आजच्या लंडनमध्ये आणले, तेव्हा सोबत मोबाइल आला, रोजनिशीच्या जागी ब्लॉग आला. वॉटसनच्या पूर्वेतिहासात मात्र काहीही बदलावे लागले नाही, कारण ब्रिटिश सैन्य पुन्हा अफगाणिस्तानात होते. २०१२ ते २०१९ या काळातील न्यूयॉर्कच्या १५४ भागांच्या मालिकेत वॉटसन ही जोन नावाची माजी शल्यविशारद आहे आणि व्यसनमुक्तीनंतर होम्सवर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. २०१८ सालच्या टोकियोतील मालिकेत दोघीही स्त्रिया आहेत, आणि डॉक्टर वातो सीरियातून परतलेली आहे.

(काळा पडदा, हिरवा प्रकाश)

या सर्वांत धाडसी विश्व एका लघुकथेचे आहे, जिला २००४ साली विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. या इंग्लंडवर शेकडो वर्षांपूर्वी अवतरलेल्या अमानवी जीवांची सत्ता आहे. अफगाणिस्तानात जखमी झालेला एक सैनिक बेकर स्ट्रीटवर एका बुद्धिमान तपासनिसासोबत राहू लागतो आणि वाचक ओळखीच्या वाटेने निर्धास्त चालतो. कथा न वाचलेल्यांची क्षमा मागून सांगावे लागते की, हा सैनिक वॉटसन नाही. लंगडणारा डॉक्टर आणि त्याचा उंच सोबती या कथेत फरारी आरोपी आहेत, आणि आपण ज्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला तो निवेदक शेवटी सहीत केवळ आद्याक्षरे ठेवतो. मूळ कथांतील खलनायकाचा उजवा हात असलेल्या कर्नलची ती आद्याक्षरे आहेत. दुसऱ्या खुर्चीत माणूस बदलला आणि सगळे जग उलटे झाले.

(माइरिंगेन, स्वित्झर्लंड, राइशेनबाख धबधबा)

राइशेनबाखच्या या कड्यावर लावलेली पांढरी चांदणी दुरूनही दिसते. १८९३ च्या डिसेंबरात छापलेल्या कथेत डॉयल यांनी होम्सला येथून खाली लोटले. मृत्यू मात्र कोणी पाहिला नाही. वॉटसनला खोट्या निरोपाने खालच्या हॉटेलकडे परत बोलावले गेले होते, आणि धापा टाकत तो पुन्हा वर आला तेव्हा उरली होती ती पावलांची खूण, खडकाला टेकवलेली काठी आणि एक पत्र. वॉटसन जेथे हजर नव्हता, तेथेच इतर लेखकांना मोकळी जागा सापडली. होम्स परतल्यावर तिबेटात काढलेल्या दोन वर्षांविषयी दोन-चार वाक्ये बोलतो. त्यांवरून तिबेटी लेखक जाम्यांग नोर्बू यांनी १९९९ साली कादंबरी लिहिली. तिच्यात नॉर्वेजियन प्रवाशाच्या नावाने वावरणारा होम्स मुंबईच्या बंदरात उतरतो, आणि वॉटसनच्या जागी येतो हरी चंदर मुखर्जी हा बंगाली गृहस्थ, जो स्वतःच दुसऱ्या एका इंग्रजी कादंबरीतून उसना घेतलेला आहे. वॉटसन उतरला होता त्याच बंदरावर, त्याच्याशिवाय आलेल्या होम्सला पहिले काम पडते ते नवा सोबती मिळण्याचे.

मालकीहक्काचे वाद अमेरिकेतील न्यायालयांत अनेक वर्षे चालले, आणि १ जानेवारी २०२३ रोजी शेवटच्या कथाही तेथे सर्वांच्या झाल्या. २०२० सालच्या एका दाव्यात तर होम्सच्या हळव्या भावनांवर हक्क सांगितला गेला होता, कारण वॉटसनला गोळी लागताच होम्सचा धीर सुटतो ती कथा १९२४ सालची, म्हणजे उशिराच्या कथांपैकी, आहे.

(माइरिंगेनचा चौक, मग मॉस्को)

माइरिंगेनमधला पुतळाही डबलडे यांचाच आहे. खडकावर बसलेल्या या होम्सच्या शेजारी जागा मोकळी आहे आणि छायाचित्रासाठी तेथे दिवसभर कोणी ना कोणी बसत असते. एडिंबरोतला होम्स एकटा आहे, जपानमधल्या कारुइझावातला होम्सही एकटाच आहे.

मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीजवळ नदीकाठी २००७ साली उभारलेल्या शिल्पात मात्र दोघे आहेत. चेहरे लिवानोव्ह आणि सोलोमिन यांचे आहेत. होम्स उभा आहे आणि वॉटसन हातात वही घेऊन बाकावर बसला आहे. येणारे लोक होम्सकडे पाहतात, त्याच्या पाइपला हात लावतात, आणि मग बसायला जागा शोधत वॉटसनच्या शेजारी येतात.