आरसा, वही आणि मुंगूस

वडोदरा, दांडिया बाजार. खाली स्कूटरींचे हॉर्न, फरसाणाची गर्दी. वर दुसऱ्या मजल्यावर, बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात, सात मुली हातात आरसे धरून स्वतःचे ओठ बघतायत.

'व्हेस्ट' म्हणजे बंडी. वरचे दात खालच्या ओठाला टेकले, बघा. आता 'वेस्ट', पश्चिम. दात लांब राहिले, ओठांचा चंबू झाला. आपल्या कानाला दोन्ही 'व'च वाटतात. आरशात फरक लपत नाही.

हा कागद तोंडासमोर धरायचा. इंग्रजी 'पेन' फुंकर घेऊन येतं, कागद हलतो. आपल्या 'पाणी'नं तो जागचा हलत नाही.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी हा वर्ग काढला. त्यांच्या वहीत चार रकाने असतात: शब्द, उच्चार, अर्थ, स्वतःचं वाक्य. उच्चार अर्थाच्या आधी, तोही देवनागरीत. जोर पडतो त्या अक्षरावर लाल रेघ. पहिल्या अक्षरावर रेघ असेल तर 'रेकॉर्ड', म्हणजे नोंद. दुसऱ्यावर असेल तर 'रिकॉर्ड', म्हणजे नोंदवणं. स्पेलिंग तेच.

'डेट' (debt) म्हणजे कर्ज. त्यातला 'बी' उच्चारायचा नसतो. मूळ लॅटिन 'डेबिटम' आहे हे दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून स्पेलिंगमध्ये घातला. एवढं सांगितलं की मूल ते स्पेलिंग विसरत नाही. न सांगता घोकून घेतात आणि चुकलं की मुलाला ढ ठरवतात, हे थांबायला हवं.

फळ्याच्या डाव्या बाजूला संस्कृतचा 'हृ' धातू: आहार, विहार, प्रहार, संहार. उपसर्ग बदलला की अर्थ पालटतो, हे मुलींना शाळेपासून माहीत आहे. उजवीकडे लॅटिनचा 'स्पेक्ट', म्हणजे बघणं. आत बघितलं की इन्स्पेक्ट, तपासणं. पुन्हा वळून बघितलं की रिस्पेक्ट, मान देणं. खालून बघितलं की सस्पेक्ट, संशय घेणं. मातृभाषेची किल्ली हातात असताना ती बाहेर ठेवून वर्गात का शिरायचं?

आणि हा शब्द बघा, 'मॉंगूस'. आपलं मुंगूसच इंग्रजीत गेलंय. 'गूस' या पक्ष्याचं अनेकवचन 'गीस' होतं, पण इथं 'मॉंगूसेस'. मुंगसाचा त्या इंग्रजी पक्ष्याशी काय संबंध?

याच गावातली, मांडवीतली सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. काचेच्या फरशीतून उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. १९३१ साली इथल्याच राज्यानं 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' छापला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती आणि इतर भारतीय भाषांतले प्रतिशब्द आहेत. इंग्रजी आपल्या भाषेच्या शेजारी बसवून शिकायची, ही या गावाची जुनी रीत आहे.

बाईंच्या वर्गातल्या दोन मुली आता हॉटेलच्या काउंटरवर आहेत, एक बँकेत. एकीचं लग्न ठरलं, तिनं येणं सोडलं.

सात वाजले. आरसे डब्यात गेले. लाकडी जिना उतरताना एक जण पायरीवर पाऊल आपटत म्हणतेय: रि-कॉर्ड, रि-कॉर्ड. जोर दुसऱ्यावर.