नऊशे चोवीस, गिलमन स्ट्रीट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका पत्त्याविषयी बोलायचं आहे. नऊशे चोवीस, गिलमन स्ट्रीट, बर्कली, कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे बर्कली शहर आहे. त्याचं नावाजलेलं विद्यापीठ टेकडीच्या बाजूला, आणि आपला हा पत्ता बरोबर उलट टोकाला, खाडीच्या अंगाला, गोदामं आणि लहान कारखान्यांच्या वस्तीत. गिलमन स्ट्रीटला आठवा रस्ता मिळतो त्या कोपऱ्यावर एक बैठी इमारत. आत दोन-अडीचशे माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा हॉल. ३१ डिसेंबर १९८६च्या रात्री तिथे पंक संगीताचा पहिला कार्यक्रम झाला, आणि तो क्लब आजही चालू आहे. गल्ल्यावर बसलेला मालक नाही, बार नाही. दाराशी तिकीट फाडण्यापासून रात्री झाडू मारण्यापर्यंत सगळं स्वयंसेवक करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: बार नाही, आणि झाडू स्वयंसेवक मारतात.

पंक म्हणजे काय ते तुम्हाला साधारण माहीत आहे. घरातल्या कुणीतरी कधीतरी दार लावून ते मोठ्याने ऐकलेलं असतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये आणि लगोलग लंडनमध्ये ही लाट आली. गिटार, बास, ड्रम, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, आणि ज्याला तीन कॉर्ड वाजवता येतात त्याने बँड काढावा, असा खाक्या. एवढं पुरे.

गिलमनचा जन्म मात्र मला सविस्तर सांगायचा आहे, कारण तो रेडिओच्या पोटी झाला. बर्कलीत केपीएफए नावाचं रेडिओ केंद्र आहे. १९४९पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. तिथे १९७७ साली टिम योहानन नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी पंकचा एक कार्यक्रम सुरू केला. नाव मॅक्सिमम रॉकअँडरोल. १९८२मध्ये त्या कार्यक्रमातून त्याच नावाचं मासिक निघालं. स्वस्त कागद, काळी शाई, हाताला लागणारी. जगभरातल्या पंकवाल्यांची पत्रं त्यात छापून येत. आणि मासिकाच्या विक्रीतून जो पैसा साठला तो या मंडळींनी त्या गोदामात घातला. योहानन स्वतः बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स या विज्ञान केंद्रात सामान पाठवण्याच्या खात्यात नोकरी करायचा. दिवसा खोकी बांधायची, रात्री मासिक काढायचं. रेडिओ, मग मासिक, मग क्लब. रेडिओवर अर्ध्या गाण्यावर बोलणारे निवेदक आता फार झाले आहेत. गाणं पूर्ण ऐकवावं, मग बोलावं, एवढी साधी शिस्त राहिली नाही. योहानन गाणं पूर्ण वाजवणाऱ्यांच्या काळातला. असो.

गोदाम मिळालं तरी क्लब उभा राहायला महिने गेले. नगरपालिकेच्या परवानग्या, संडास, पाण्याचे पाइप, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींची कामं. विशीतली मुलंमुली हातात हातोडी घेऊन राबली. कमला पार्क्स ही त्यातली एक. ड्रम वाजवायची, बँडना तारखा द्यायची, आणि जागा मिळवण्याच्या खटपटीत पहिल्यापासून होती.

आता बार का नाही, ते ऐका. कॅलिफोर्नियात एकवीस वर्षांखालच्या मुलाला दारू देता येत नाही, आणि बहुतेक बारमध्ये त्याला आतच घेत नाहीत. संगीत तर बारमध्ये. म्हणजे ज्या पोरांनी पंक वाजवायचं, ज्यांनी ऐकायचं, तीच दाराबाहेर. गिलमनने दारूच काढून टाकली. दारू गेली, वयाची अट गेली. चौदा वर्षांची मुलगी आत येऊ लागली आणि चाळिशीचा माणूसही. पण दारू गेली की क्लबची कमाईही जाते, कारण क्लब जगतो तो तिकिटावर नव्हे, बारवर. उरतं फक्त तिकीट, आणि तेही मुलांना परवडेल असं. मग पगार कुठून देणार? म्हणून झाडू स्वयंसेवकांच्या हातात. बार नाही, म्हणून वय नाही. बार नाही, म्हणून पगार नाही. गिलमनचं सगळं गणित इतकंच आहे.

आत शिरलं की भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम रंगवलेले दिसतात. वंशद्वेष नाही, बायकांना हिणवणं नाही, समलिंगी माणसांना हिणवणं नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही. हे शोभेसाठी नव्हतं. त्या काळी डोकी भादरलेली वंशद्वेषी टोळकी पंकच्या कार्यक्रमांत घुसून पोरांना बडवत, आणि त्यापायी कितीतरी हॉल बंद पडले होते. गिलमनमध्येही असे प्रसंग आले. सभासदांनी दाराशी उभं राहून त्यांना बाहेर ठेवलं. दोन डॉलरचं वार्षिक सभासदत्व घ्यायचं, नियम मान्य करायचे, मग आत. महिन्यातून दोन शनिवारी सभा, आणि ज्याच्याकडे कार्ड त्याला मत.

सुरुवातीला आणखी एक गंमत होती. कोणते बँड वाजवणार हे आधी जाहीरच करायचं नाही. योहाननचं म्हणणं, लोकांनी नाव बघून येऊ नये, जागा आपली म्हणून यावं. ते फार दिवस टिकलं नाही, पण मला ते मनापासून पटतं. आपल्याकडे पत्रिकेवर आधी प्रमुख पाहुणे छापतात, मग अध्यक्ष, मग सत्कारमूर्ती, आणि गाणाऱ्याचं नाव कोपऱ्यात. शाल-श्रीफळात तास जातो आणि गवयाला सांगतात, जरा आटोपशीर घ्या.

त्या हॉलमध्ये आयसॉक्रसी नावाचा एक बँड होता. ते येताना कचऱ्याच्या पिशव्या भरून आणत आणि वाजवताना समोरच्यांवर उधळत. कागदाच्या पट्ट्या, खोक्यांचे तुकडे, हाताला लागेल ते. लोक तेच उचलून परत मंचावर फेकत. शेवटी पायाखालची जमीन दिसायची नाही. आणि मग तीच पोरं झाडू घेऊन उभी. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता, असं आपण राजकारणात हिणवून म्हणतो. मला ते कधीच आवडलेलं नाही. गाव चालतं ते सतरंज्या उचलणाऱ्यांवर, आणि हा क्लबही त्यांच्यावरच चालला. १९८८च्या सप्टेंबरात योहाननच्या मंडळींनी हात टेकले. तोडफोड, तोटा, राबणारे कमी. क्लब बंद झाला. काही आठवड्यांतच दुसऱ्या स्वयंसेवकांनी तो पुन्हा उघडला, तो आजतागायत.

आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो ती सांगतो.

बर्कलीच्या उत्तरेला रोडिओ नावाचं गाव आहे. तेलशुद्धीकरणाचा कारखाना, त्याची धुरांडी, आणि त्याभोवती कामगारांची घरं. तिथे बिली जो आर्मस्ट्राँग हा मुलगा वाढला. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझमध्ये ड्रम वाजवायचे. हा दहा वर्षांचा असताना, १९८२ साली, ते गेले. आई हॉटेलात वेट्रेस. शाळेत त्याला माइक डर्न्ट नावाचा मित्र मिळाला, आणि दोघांनी बँड काढला, स्वीट चिल्ड्रन. पहिला कार्यक्रम १९८७च्या ऑक्टोबरात, आई जिथे ताटं वाढायची त्याच हॉटेलात.

पोरांना वाजवायचं होतं ते गिलमनमध्ये. योहाननचं मत पडलं, हे फार गोड आहे, यात पंक कुठे आहे? तेव्हा दार उघडलं नाही. क्लब नव्या हातांत गेल्यावर, १९८८च्या नोव्हेंबरात, त्यांना संधी मिळाली. बिली जो सोळा वर्षांचा होता. कचरा उधळणाऱ्या आयसॉक्रसीचा ड्रमर जॉन किफमायर त्यांच्या बँडमध्ये आला.

आणि मग २८ मे १९८९. त्या दिवशी गिलमनचा सगळ्यात लाडका बँड, ऑपरेशन आयव्ही, शेवटचा कार्यक्रम करणार होता. पंक आणि जमैकाच्या स्का संगीताची सांगड घालणारा बँड. जेमतेम दोन वर्षं टिकला, पण त्याच्यावर पोरांचा जीव होता. त्याच रात्री स्वीट चिल्ड्रननी आधी वाजवलं, पण नव्या नावाने. नवं नाव होतं ग्रीन डे. एका रात्री, एका मंचावर, एक बँड संपला आणि दुसऱ्याने नाव घेतलं.

पुढची चार वर्षं ग्रीन डे गिलमनचाच होता. रेकॉर्ड काढल्या त्या लुकआउट या स्थानिक कंपनीने. ती कंपनी चालवायचा लॅरी लिव्हरमोर. डोंगरात राहणाऱ्या या माणसाने शेजारच्या बारा वर्षांच्या पोराला ड्रमवर बसवून स्वतःचा बँड केला होता. तो पोरगा म्हणजे ट्रे कूल. १९९०मध्ये तो ग्रीन डेचा ड्रमर झाला आणि आजही आहे.

१९९३ साली ग्रीन डेने वॉर्नरच्या रिप्रीज कंपनीशी करार केला. आणि गिलमनचा नियम होता की मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला बँड इथे वाजवणार नाही. पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळं अडतं: मोठ्या कंपनीशी करार केला की गिलमनचा मंच बंद. ज्या पोरांनी तिथे नाव घेतलं, तिथेच वाजवायला शिकली, त्यांनाच नाही म्हटलं गेलं. १९९४च्या फेब्रुवारीत त्यांचा डूकी हा अल्बम आला, एकट्या अमेरिकेत कोटीहून जास्त प्रती खपल्या, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. आणि त्याच काळात त्यांच्या घरच्या क्लबच्या संडासाच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं, बिली जो मेला पाहिजे. त्याने नंतरच्या एका गाण्यात हे दुःख गायलं आहे, परत गेलो आणि दार बंद होतं म्हणून.

मी या गोष्टीवर बराच विचार केला आहे. नियम बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. कंपनीच्या जोरावर हजारो माणसं खेचणारा बँड अडीचशेच्या हॉलमध्ये आला की ज्या सोळा वर्षांच्या पोराचा शनिवार आहे तो त्याच्या हातून जातो. नियम त्या पोरासाठी होता. पण भिंतीवरचं ते लिहिणं नीच होतं, आणि त्याला नियमाचा आधार नव्हता. नियमाच्या नावाखाली माणसं काय करतात ते १९९४च्या मे महिन्यात आणखी उघड दिसलं. डेड केनेडीज या पंक बँडचा पूर्वीचा गायक जेलो बियाफ्रा, पंकमधला ज्येष्ठ माणूस, गिलमनमध्ये प्रेक्षक म्हणून आला होता. तू विकला गेलास, असं म्हणत काही जणांनी त्याला मारलं, पाय मोडला. भिंतीवर मारामारी नाही असं लिहिलेलं असताना. हे सांगताना मला आजही राग येतो. टिम योहानन १९९८मध्ये कर्करोगाने गेला. पंक कशाला म्हणायचं यावर त्याचं आणि माझं जमलं नसतं, पण त्याने उभी केलेली जागा त्याच्यामागे टिकली.

ग्रीन डे २००१ साली एकदा न सांगता येऊन थोडंसं वाजवून गेला. मग २०१५ उजाडलं. एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, संगीताच्या त्या दुनियेतला सगळ्यात मोठा सत्कार. त्याआधी मार्चमध्ये, बर्कलीशेजारच्या ओकलंडमध्ये एका इमारतीला आग लागली होती. तिथे एके प्रेस हे प्रकाशन आणि एक छापखाना होता, पंकवाल्यांची पुस्तकं-पत्रकं जिथून निघायची असे दोन्ही. इमारतीत राहणारी दोन माणसं त्या आगीत दगावली. मदतनिधीसाठी कार्यक्रम ठरला, तो गिलमनमध्ये, आणि मदतीचा कार्यक्रम म्हणून ग्रीन डेसाठी अपवाद झाला.

१७ मे २०१५. सत्काराला महिनाही झाला नव्हता. स्टेडियम भरवणारा बँड, त्रेचाळीस वर्षांचा बिली जो, तोच हॉल, तोच हातभर उंचीचा मंच, भिंतीवर तेच नियम. बावीसेक वर्षांनी त्यांनी तिथे पूर्ण कार्यक्रम केला. पैसे आगीच्या मदतनिधीकडे गेले. नियम मात्र तिथेच राहिला, आणि तो राहिला याचा मला आनंद आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं फ्रीमाँटला, सनीव्हेलला, सॅन होजेला आहेत. तुम्ही तीन-तीन महिने तिकडे जाता, नातवंडं सांभाळता, गोल्डन गेट पूल बघता. एक शनिवार संध्याकाळ काढा. बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेने नॉर्थ बर्कलीला उतरा आणि खाडीच्या दिशेने चालत जा. सोबत शाळकरी नात असेल तर तिला घेऊन जा. तिला कुणी दाराशी अडवणार नाही. कानात कापसाचे बोळे घाला, आवाज फार मोठा असतो. आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका. आवरायला हात कमीच असतात तिथे, तुमचा चालेल.

नमस्कार.