इसबाचं औषध लागू पडलं नाही, त्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते इसबाच्या अशा रुग्णांबद्दल, ज्यांचं मलमांनी भागलं नाही, सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्झेट या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्यांनीही भागलं नाही.

२०१७ साली ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन आलं. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात; त्यांतल्या इंटरल्युकिन ४ आणि १३ या दाह पेटवणाऱ्या दोन निरोपांची वाट ते अडवतं. अनेकांची खाज थांबली, काहींची नाही. मग त्यांनी काय करायचं?

औषधाच्या चाचणीत रुग्ण निवडून घेतात. दवाखान्यात येणाऱ्याला दमा असतो, आधीची चार औषधं फसलेली असतात. म्हणून नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ‘बायोडे’ ही नोंदवही सुरू केली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांची तीत वर्षानुवर्षं नोंद होते. डॉक्टर डोकं-मान, हात, धड आणि पाय तपासतात; लाली, सूज, ओरखडे आणि कातडीचा जाडपणा यांना शून्य ते तीन गुण देतात. किती भागावर इसब पसरलंय तेही धरून बेरीज जास्तीत जास्त ७२ होते. रुग्णालाही विचारतात, गेल्या आठवड्यात किती रात्री झोपमोड झाली? मला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. रात्रभर खाजवणाऱ्या मुलाशेजारी जागलेल्या आईला त्याचं कारण सांगावं लागणार नाही.

या नोंदींतून कळलं, की ड्युपिल्युमॅबमुळे डोळे येण्याचं प्रमाण चाचण्यांत दिसलं त्याहून बरंच जास्त आहे. आणि ते इंजेक्शन ज्यांना पुरलं नव्हतं, त्यांतल्या अनेकांना उपाडासिटिनिब या गोळीनं आराम पडला. ही गोळी पेशीच्या आतला जॅक नावाचा दुवा रोखते, त्यामुळे एकाच वेळी अनेक निरोप थांबतात.

पण या गोळीच्या त्या अभ्यासात रुग्ण पन्नासच्या आतच होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. मुरुम, नागीण, वाढलेलं कोलेस्टेरॉल हे त्रासही असतात. पासष्टीपुढच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, हृदयरोगाचा किंवा कर्करोगाचा धोका असलेल्यांना दुसरा योग्य पर्याय नसेल तरच ही गोळी द्यावी, असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आधीच्या औषधांची नावं, ती किती दिवस घेतली आणि का थांबवली, हे कागदावर लिहून न्या. दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलमही त्यात लिहा, लपवू नका. पुढचं औषध त्यावरूनच ठरतं.