जाळरेषा

[दृश्य : सागाचं जंगल. गवतावर चालणारे विळे.]

चंद्रपूर जिल्ह्यातलं हे सागाचं जंगल. थंडी ओसरत आलीये. पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेलं गवत आता पार वाळलंय, साग पानं टाकायला लागलाय. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. वणवा रोखण्याचं निम्मं काम मात्र त्याच्या आधी उरकावं लागतं. आणि ते हे असं, वाकून करावं लागतं.

जमिनीवर दोन समांतर पट्ट्या दिसताहेत. तिथलं गवत मुळापाशी कापून, माती दिसेपर्यंत साफ केलंय. दोन पट्ट्यांच्या मधलं गवत कापून तिथंच वाळत टाकलंय. आतलं जाळायचं, बाहेरचं राखायचं. हीच जाळरेषा. हद्द कुठली, त्यावर तिची रुंदी ठरते. कुठे १२ मीटर, कुठे ६, कुठे ३. पुढे वणवा पेटलाच, तर तो या काळ्या पट्ट्यापर्यंत येतो आणि पुढे जळायला काही नसल्यामुळे थांबतो.

[दृश्य : संध्याकाळ. जाळणी सुरू.]

सूर्य खाली गेला, वारा पडला, गवतात किंचित ओल उतरली. जाळायची वेळ हीच. भर दुपारी हेच गवत पेटवलं तर ज्वाळा डोक्यावर जातील.

पेटवायचं कुठून, ते वनरक्षक आणि जुने वनमजूर रेषेवरून चालता चालता ठरवतात. वारा ज्या टोकाकडे वाहतोय, त्या टोकाला पेटवलं की आगीला वाऱ्याविरुद्ध सरकावं लागतं. ती मग सावकाश, गुडघ्याखालीच चालते. उतार असेल तर सुरुवात वरून. आग चढावर धावते, कारण खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. वरून लावली की तिला खाली उतरत यावं लागतं, आणि माणसाला तिच्यासोबत चालता येतं.

दोन्ही पट्ट्यांवर माणसं पांगलीत. प्रत्येकाच्या हातात पानांनी भरलेली ओली फांदी. ठिणगी बाहेर उडाली की ती फांदीनं दाबायची. जोरानं आपटली तर निखारे चौफेर उडतात. या बाईंचा हात नीट बघा. फांदी वरून अलगद टेकवतात, घासत आणतात आणि आगीला जळालेल्या बाजूकडे ढकलतात. हे कुणी कागदावर शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं रेषेवर उभं राहिल्यावर हाताला येतं.

सगळे पुढे गेले तरी दोघं मागे थांबलेत. त्यांचं लक्ष पडलेल्या खोडांवर. वाळकं खोड वरून विझल्यासारखं दिसतं, आतून रात्रभर धुमसत राहतं, आणि दुसऱ्या दुपारी वारा सुटला की ठिणग्या फेकतं. म्हणून धुमसणारं लाकूड ओढून रेषेच्या मधोमध आणायचं आणि वर माती टाकायची. पुढे निघून गेलेल्यांचं काम टिकतं ते या दोघांमुळे.

[दृश्य : ब्लोअर. उडणारा पाला.]

जाळून झालं तरी रेषा तयार राहत नाही. साग, तेंदू, ऐन यांची पानं गळतच असतात आणि काळा पट्टा पुन्हा पाल्याखाली जातो. एवढ्या पाल्यावरून आग सहज पलीकडे जाते. पूर्वी खराट्यानं झाडायचे. आता पाठीवर पेट्रोलचा ब्लोअर असतो. काम झपाट्यानं होतं. पण यंत्राचं वजन, कानाशी त्याचा आवाज आणि डोक्यावर ऊन, हे सगळं घेऊन रेषा पुन्हा पुन्हा चालावी लागते.

[दृश्य : मोबाइलवरचा संदेश. निरीक्षण मनोरा.]

आगीची खबर उपग्रहही देतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था अक्षांश-रेखांशासह संदेश पाठवते. अशा उपग्रहांपैकी अधिक बारीक पाहणाऱ्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण १४ हेक्टर जंगल. त्यात आग नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, हे जाणाऱ्यालाच शोधावं लागतं. शिवाय उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो. मधल्या तासांत उठलेला धूर दिसतो तो मनोऱ्यावर बसलेल्या माणसाला.

[दृश्य : मोहाखाली वेचणी.]

बहुतेक आगी माणसाच्या हातूनच लागतात. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही जाळतात. मोहाखाली जाळी बांधली, तेंदूची खुटकटाई, म्हणजे झुडपं बुंध्यापाशी छाटणं, वेळेवर झाली, तर जाळायचं कारण उरत नाही. सरसकट गावाकडे बोट दाखवणं चूक आहे. मोह वेचणाऱ्या घरांतलीच माणसं या रेषेवर कामाला येतात, आणि आग लागली की फांदी घेऊन पहिली तीच धावतात.

[दृश्य : जळालेला उतार.]

वणवा गेला की पाल्यावर घातलेली रातव्याची अंडी जातात, साग-ऐनाची कोवळी रोपं जातात, आणि पहिल्या पावसात उघडी माती नाल्याला लागते.

[दृश्य : अग्निरक्षकांचा गट, नाक्यापाशी.]

हे अग्निरक्षक. हंगामापुरते नेमलेले. जूनमध्ये हंगाम संपतो, तशी त्यांची मजुरीही थांबते. जंगलातलं काम मात्र थांबत नाही. रोपवनातली निंदणी असते, कुरणातली घाणेरी मुळासकट काढायची असते, पाणवठ्यांतला गाळ असतो. या बीटमधला, म्हणजे एका वनरक्षकाकडच्या जंगलातला, प्रत्येक नाला ज्यांना अंधारात सापडतो, त्यांना बाराही महिने कामावर ठेवायला हवं. पावसाळा संपून गवत वाळायला लागलं की हीच रेषा पुन्हा पहिल्यापासून कापायची असते, आणि तेव्हा वाऱ्याचा अंदाज असलेली नवी माणसं शोधायला वेळ नसतो.