खारपाणपट्ट्यातील किरायाची खोली

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापुरासारख्या तालुक्याच्या गावी, घरामागे दोन-तीन खोल्या बांधून त्या किरायाने देणे हा शेतीला लागून चालणारा जोडधंदा आहे. कापूस-तुरीचा पैसा हंगामाला येतो, तोही बाजारभावाच्या भरवशावर; किराया मात्र महिन्याच्या महिन्याला हाती पडतो. राहायला येतात ते जिल्हा परिषदेचे शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि आसपासच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले. व्यवहार बहुधा तोंडी ठरतो, आणि किराया किती याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. कुरबुर सुरू होते ती पाणी आणि वीज यांवरून.

अशा एखाद्या खोलीच्या खिडकीतील कुलरच्या ताट्या जवळून पाहा. त्यांवर पांढरा, कडक थर चढला आहे, कारण अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील या खारपाणपट्ट्याचे भूजलच खारे आहे. बोअरचे पाणी कुलरमध्ये टाकले की ताट्या हंगामभरही धड टिकत नाहीत. मग नव्या ताट्या मालकाने आणायच्या की किरायेदाराने? हा प्रश्न मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना सोडवायला बसू नये. खोली देतानाच त्याचे उत्तर कागदावर असावे. पिण्याचे नळाचे पाणी कोणत्या वेळी येते, ते कोणी भरायचे आणि वापरायच्या पाण्याची मोटर कोणी सुरू करायची, हेही तेथेच लिहावे.

विजेचे गणित त्याहून नाजूक आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० युनिटांनंतर टप्पा बदलतो. तीन खोल्यांनी महिन्याला प्रत्येकी ९० युनिट वापरले, तर स्वतंत्र मीटरवर तिघेही पहिल्याच टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर मात्र बेरीज २७० होते आणि त्यातील १७० युनिटांना वरचा दर लागतो. स्वतंत्र मीटरला स्थिर आकार वेगळा पडतो हे खरे, तरी ज्याचे बिल त्याच्या हाती जाते. मुख्य मीटरमागे खोलीपुरते सबमीटर असेल, तर दोघांनी मिळून रीडिंग घ्यावे आणि वहीत सही करावी. किराया थकला म्हणून वीज किंवा पाणी तोडण्याचा मार्ग काही मालकांना सोपा वाटतो. कायद्याने तो बंद केलेला आहे.

हा कायदा म्हणजे ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणीची गरज नाही, ही समजूत गावोगावी घट्ट बसली आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून ती आली असावी. परंतु भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू पाहणाऱ्या मालकाने एवढे एक कलम तरी वाचावे.

अशा खोलीच्या भिंतीवरील तिरपी भेग बहुधा किरायेदाराने पाडलेली नसते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाला हलवते. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम आहे; लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर किरायेदार ती स्वतः करून खर्च किरायातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणून जाणता मालक खोलीची किल्ली देण्यापूर्वी भिंती, फरशी आणि नळ यांचे फोटो काढून किरायेदाराच्या मोबाइलवर पाठवतो. बदलीचा आदेश आला आणि सामान हलले, की तेच फोटो पुढे ठेवून, त्या दिवसाचे मीटर रीडिंग घेऊन आणि येऊ घातलेल्या बिलापुरती रक्कम वळती करून, उरलेले डिपॉझिट किल्ली परत घेतानाच चुकते करता येते.